घाटाखालचं पीठ

आमच्या धारच्या घरात एक लाकडी काथवट होती. काथवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची खोलगट परात, पण हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, ती तान्ह्या पोरांना न्हाऊ घालायची वस्तू आहे. मी तिच्यात न्हाले, माझ्या पाठचे भाऊ तिच्यात न्हाले, आणि पोरं संपली तेव्हा आत्याबाईंनी तिच्यात लोणच्याच्या कैऱ्या घालायला सुरुवात केली. आमचे पूर्वज देशावरून माळव्यात आले तेव्हा ही काथवट गाडीत घालून आणली होती म्हणे. नाना, म्हणजे माझे वडील, दरबारच्या मुलकी कचेरीत होते. त्यांच्या बोलण्यात दर घटकेला "आपल्याकडे" यायचं. आपल्याकडे असं करत नाहीत, आपल्याकडे तसं खात नाहीत. हे आपल्याकडे म्हणजे देशावर, आणि देश नानांनी जन्मात पाहिलेला नव्हता. नानांच्या वडिलांनीही नव्हता. ताटात तुपात बुडवलेले गव्हाचे बाफले असायचे, शेजारी दाल असायची, आणि बाफला फोडता फोडता नाना आम्हाला सांगायचे की आपण मूळचे भाकरी खाणारे लोक. मी एकदा विचारलं, "मग आपण खातो कधी?" तर आत्याबाईंनी डोळे वटारले. माझी जीभ तेव्हापासूनच तिखट, तिला मी तरी काय करू!

खरं सांगायचं तर आम्हाला त्या काळ्या मातीनं गव्हाचं करून टाकलं होतं. माळवा सगळा सपाट, वर काळीभोर जमीन, आणि ती एकदा पावसाचं पाणी प्याली की सोडायची नाही. पावसाळाभर शेतं नुसती नांगरून उघडी टाकायची, आणि आश्विन सरता सरता त्या ओलीवर गहू पेरायचा. ना विहिरीचं पाणी, ना पाट. थंडीतलं दव आणि पोटातली ओल, एवढ्यावर कमरेइतका गहू उभा राहायचा. तिरल्याकडे आमची थोडी इनाम जमीन होती, तिथून गव्हाची पोती यायची आणि माजघरात थप्पी लागायची. ज्वारी-मका खेड्यातली माणसं खायची. आमच्याकडे ज्वारी यायची ती फक्त गाईच्या दावणीपर्यंत. पण तीच काळी माती पावसात अशी काही सैल व्हायची, की गाडीचं चाक आसापर्यंत रुते. मग चार महिने गाव आपल्यातच बसलेलं. लग्नं नाहीत, पाहुणे नाहीत, कचेरीत खेड्यातलं कुणी फिरकत नाही. धारचे तलाव भरून वाहायचे आणि माणसं ओट्यावर बसून एकमेकांची चेष्टा करायची. माळव्यातला माणूस सुस्त आणि गोडबोल्या म्हणतात, त्याला कारण हा चिखल. जायचं कुठे, म्हणून भांडायचं तरी कशाला? उन्हाळ्यात हीच जमीन अशी तडकायची की माझ्या पायातली एक चांदीची तोरडी भेगेत गेली ती गेलीच. अजून तिथेच असेल, कुणाच्या तरी गव्हाखाली.

घाटाखालची गोष्ट निराळी. मांडवगडच्या बाजूनं घाट उतरला की निमाड. आमच्या घरात निमाडचं नाव निघालं की आई आपोआप पदरानं वारा घ्यायला लागायची, इतकं तिथलं ऊन प्रसिद्ध. मुरमाड जमीन, दगड, कापूस आणि ज्वारी. आमचे माळवी बैल पांढरे, जाड मानेचे, चिखलातून खटारा ओढणारे, पण स्वभावानं अगदी कचेरीतल्या कारकुनासारखे. हाक मारली तरी अर्धा विचार करून उठतील. निमाडी बैल तांबडे, अंगावर पांढरे ठिपके, खूर दगडासारखे आणि डोकं त्याहून. दिवाळीनंतर धारला गुरांचा बाजार भरायचा, तेव्हा ते घाट चढून यायचे आणि आमच्या गल्लीतून धूळ उडवत जायचे. आत्याबाई दार लावून घ्यायच्या.

त्या वर्षी दार लावायचं राहिलं. मी ओट्यावर सुपात गहू निवडत बसले होते. एकदम सुपावर सावली पडली, आणि बघते तर एक हे एवढं तांबडं तोंड सुपात! मी किंचाळले, सूप टाकलं, आणि त्या बैलानं तोंड न उचलता सगळे गहू फस्त केले. दोरी धरून मागून एक मुलगा धावत आला. मला वाटलं आता बैलाला चार हाणेल. तो कसला हाणतोय! त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "झालं पोट भरून? चल आता." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "त्यानं जन्मात गहू पाहिला नव्हता हो. भूल पडली बिचाऱ्याला."

"मग तुमच्या मुलखात काय खातात? दगड?" मी म्हटलं.

"छे छे. दगड चालायला. खायला ज्वारी."

आणि हसला. मला हसू येत होतं म्हणून मी आणखीच रागावले आणि आत पळाले. सांगून टाकते, आता या वयात लाजायचं काय. मला तो मुलगा आवडला. त्या दिवसांत मुलीनं असं काही म्हणायची सोय नव्हती, म्हणून मी कुणाला म्हटलं नाही. पण गहू निवडायला रोज ओट्यावरच बसायला लागले. आईला वाटलं, मुलगी कामाला लागली!

माझ्या लग्नाचं घरात बोलणं चाललं होतंच. देवासचं एक स्थळ आत्याबाईंनी आणलं होतं. देवास गाव एक, पण दरबार दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती, मधून रस्ता. हा मुलगा थोरल्या पातीत कारकून. तो आमच्याकडे येऊन बसला तेवढा सगळा वेळ एवढंच सांगत राहिला, की अमुक घर रस्त्याच्या अलीकडे आणि तमुक घर पलीकडे. सपाट मैदानात बसलेलं गाव, मधे ती एक टेकडी, ना नदी आडवी ना डोंगर, तेव्हा माणसांनी आपणच रेघ ओढून घेतली असावी. आत्याबाई मात्र खूश होत्या. "गव्हाचं घर आहे. मुलगी सुखात पडेल," म्हणाल्या. आणि त्याच सुमारास घाटाखालून, डहीच्या बाजूनं, दुसरा निरोप आला. मराठी घर, देशावरून आलेलं, जमीनजुमला, गुरं बरीच, वडील नाहीत, घरात आई आणि दोन मुलगे. धाकट्यानं गुरांच्या बाजाराला आला असताना ओट्यावर मुलगी पाहिली होती म्हणे. हे दाराआडून ऐकताना माझ्या हातातलं तपेलं पडलं.

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "घाटाखाली मुलगी द्यायची? तिथे ज्वारी खाईल ती? अरे भिया, गायीला तरी विचार!" आत्याबाई धाकट्या भावालासुद्धा रागाच्या भरात भिया म्हणायच्या, माळव्याचं पाणी! पण नाना हरखले होते. निरोप्यानं सांगितलं होतं, की त्या घरात अजून जुनी राहणी आहे, रोज भाकरी, पिठलं, ठेचा. "बघा," नाना म्हणाले, "आपल्याकडचे लोक!" फक्त मुलाच्या आईची एक अट होती. गाणं नको, वाचन नको, हुंड्याचंही त्यांनी काही काढलं नव्हतं. मुलीनं आमच्यासमोर बसून हातावर एक भाकरी थापावी. थोरली सून त्यांनी घाटावरूनच आणली होती, आणि ती गव्हासाठी डोळ्यांत पाणी आणायची. तिच्यापायी दर महिन्याला गाडी घाट चढायची. आता पुन्हा तसं नको, असं त्या बाईंनी चारचौघांत बोलून ठेवलं होतं. भाकरी जमली तर सुपारी फोडू, नाही तर राम राम.

भाकरी! नानांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तीन पिढ्या अभिमान भाकरीचा, आणि घरातल्या एकाही बाईला ती येत नव्हती.

काथवट कैऱ्यांतून मोकळी झाली, घासून पुसून चुलीपाशी आली. आमच्या गोठ्यात कामाला गेंदाबाई होती, माळवी बाई. ती रोज सकाळी हातावर मक्याचा जाडजूड रोटला थापून खायची. ती दारातून म्हणाली, "बई, म्हूं बतई दूं? इमें काई हे!" तर आत्याबाई ताठ झाल्या. आपली भाकरी आपण माळव्याच्या बाईकडून शिकायची? शोभतं का? गेंदाबाई खांदे उडवून गाईकडे गेली. मग आत्याबाई आणि आई आपल्या ऐकीव आठवणींवर मला शिकवायला बसल्या. एक म्हणे पाणी गार, दुसरी म्हणे उकळतं. एवढ्यावर दोघी दुपारभर बोलल्या नाहीत. एका गोष्टीवर मात्र दोघींचं एकमत होतं, पीठ मळून झाकून ठेवायचं आणि चांगलं मुरू द्यायचं. जन्मभर गव्हाची कणीक तिंबलेले हात ते! गव्हाला मुरू दिलं की तो लोण्यासारखा होतो. ज्वारीला मुरू दिलं की तिची सगळी विरी जाते, चिकटपणा म्हणून राहत नाही, हे त्या घरात कुणाला ठाऊक? मी थापायची, भाकरीच्या कडा तडकायच्या, आमच्या उन्हाळ्यातल्या जमिनीसारख्या. उचलली की हातात अर्धी, काथवटीत अर्धी. सगळे तुकडे गाईला. गाय अंगानं अशी भरली, की गेंदाबाई म्हणाली, लग्न गाईचंच करून टाका.

मी मात्र रडकुंडीला आले होते. घरात सगळ्यांना ती गंमत वाटत होती. मला एकटीला ठाऊक होतं, की भाकरी मोडली तर मी रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे मोजत देवासला जन्म काढणार. अखेर आत्याबाईंना युक्ती सुचली. देवासचं स्थळ त्यांच्या मनात होतं, पण भाचीचं हसं झालेलं त्यांना खपलं नसतं. त्यांनी ज्वारीच्या पिठात निम्मं गव्हाचं पीठ मिसळलं. आणि काय सांगू, भाकरी अखंड उतरली, गोल, देखणी! आत्याबाई म्हणाल्या, "वरून थोडी ज्वारी भुरभुरू, कोण ओळखतंय!" त्या रात्री मी पोटभर जेवले.

माघात ते लोक आले. शेतात गहू हिरवागार डोलत होता, रस्ते वाळून कडक झाले होते. दोन मुक्काम करून गाडी घाट चढून आली. जुंपलेले तेच तांबडे बैल, ते दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत म्हणून हाकायला धाकटा मुलगाच. मी खिडकीतून पाहिलं आणि पुन्हा आत पळाले. मुलाची आई गाडीतून उतरली ती काळीसावळी, उंच, चालणं असं की ओसरी दणाणली. हातात एक घट्ट बांधलेली पिशवी. पाटावर बसताच तिनं ती आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवली. "तुमच्या मुलखात ज्वारी जुनी मिळेल म्हणून घरचंच पीठ आणलंय. नवी ज्वारी आहे, निघताना दळली."

आत्याबाईंच्या मिसळलेल्या पिठाचा डबा चुलीमागे तसाच राहिला.

काथवट समोर ओढली. पीठ घेतलं. आईनं गरम पाणी दिलं, निदान त्या भांडणात आई जिंकली होती. मी मळलं. इतकं छान मळलं गेलं, की मला वाटलं, हे पीठच काहीतरी वेगळं आहे, आज जमणार. तेवढ्यात आत्याबाई सवयीनं पुढे झाल्या, गोळ्यावर पातेलं उपडं घातलं आणि म्हणाल्या, "तोवर लाडू घ्या."

पाहुण्या बाईंनी पातेल्याकडे पाहिलं. "हे झाकलंय काय?"

"पीठ मुरतंय," आत्याबाई ऐटीत म्हणाल्या.

"मुरतंय? ज्वारी?" त्यांच्या भुवया केसांपर्यंत गेल्या. पण परीक्षा म्हणजे परीक्षा. त्या लाडू खात राहिल्या. लाडू चांगले झाले होते, म्हणून दुसराही घेतला, आणि तेवढा वेळ ते पीठ पातेल्याखाली मरत होतं.

पहिली भाकरी थापतानाच फाटली. दुसरी उचलताना हातात तुटली. तिसरी कशीबशी तव्यावर पडली, मी पाणी फिरवलं, उलटायला गेले आणि तिचे चार तुकडे झाले. मधल्या दारापलीकडे ओसरीवर नाना, तो मुलगा आणि शेजारचे दोघेतिघे बसले होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं. आत्याबाई हळूच आईला म्हणाल्या, "देवासला निरोप पाठवू," आणि ते मी ऐकलं.

मग माझ्या जिभेनं माझं ऐकलंच नाही. मी हात झटकले आणि म्हटलं, "तुमच्या जमिनीत ज्वारी येते म्हणून तुम्हाला भाकरी येते. आमच्या जमिनीत गहू येतो. त्यात माझा काय गुन्हा? तुम्ही पोळी करून दाखवा!"

आईनं पदर तोंडाशी नेला. आत्याबाई "यमे!" एवढंच म्हणू शकल्या. गोठ्याच्या दारात गेंदाबाई उभी होती, तिनं तर डोळेच मिटून घेतले. पाहुण्या बाई उठल्या, पदर खोचला आणि माझ्याशेजारी बसल्या. "आण तुझी कणीक."

आई पोळ्यांची कणीक भिजवून बसलीच होती, ती पुढे केली. पोळपाट-लाटण्याला त्यांनी हातही लावला नाही. गोळा घेतला आणि थाप थाप करत भाकरीसारखा थापायला लागल्या. कणीक पसरायची आणि हात उचलला की परत गोळा व्हायची. त्या पुन्हा थापत, ती पुन्हा आक्रसे. त्यांनी जोर लावला, बांगड्या वाजल्या, कपाळावर घाम आला, आणि कणीक काही ऐकेना. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हिला काय घरी जायची घाई झालीय?" आणि मोठ्यानं हसल्या. मग आईही हसली. आत्याबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी लाटणं पुढे सरकवलं. त्यानं झालेली पोळी इतकी वाकडी होती, की मला बैलाचं तोंड आठवलं.

पण हसून झाल्यावर त्या गंभीर झाल्या. माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "पोरी, तू मला आवडलीस. पण आमच्याकडे औतावरची माणसं, गुराखी, सगळ्यांची भाकरी घरातून जाते. आणि मी चार लोकांत बोलून बसलेय. आता मी काय तोंडानं सांगू?" मला तेव्हा रडू फुटलं. खोटं नाही सांगत, हुंदके देऊन रडले, पिठाच्या हातांनी डोळे पुसले आणि आणखीच वाईट दिसायला लागले असणार.

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. "आई, ते तुकडे टाकू नका हो. इकडे द्या. आणि घोटभर दूध."

"तुकडे कशाला रे?" त्या दचकून म्हणाल्या.

"मी नाही तरी भाकरी दुधात कुस्करूनच खातो. तेवढी माझी मेहनत वाचली."

गेंदाबाईनंच गोठ्यातून धारोष्ण दुधाची चरवी आणली. आईनं वाटी भरली, माझ्या त्या करपलेल्या, तुटक्या भाकऱ्यांचे तुकडे ताटलीत घातले आणि दारापलीकडे सरकवले. मी फटीतून पाहत होते. चार माणसांसमोर मांडी घालून त्यांनी तो सगळा काला खाल्ला, एक तुकडा शिल्लक ठेवला नाही, वाटी पालथी करून नानांना म्हणाले, "आपल्याकडची भाकरी आहे, चवीला अगदी तीच." नाना एवढे विरघळले, की डोळे पुसायला उपरणं सापडेना. पाहुण्या बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मुलगाच असा निघाला, तर लोकांना काय उत्तर द्यायचं ते त्यालाच विचारा." आणि सुपारी आणा म्हणाल्या.

काथवट माझ्याबरोबर घाट उतरली. आत्याबाईंनी गाडीत आपल्या हातानं ठेवली, आणि तिच्यात गव्हाची एक पुरचुंडी, "लागेल गं, लागेल" म्हणत. घाट उतरताना मी मागे वळून पाहिलं, वर काळं पठार सपाट पसरलेलं, आणि खाली दगड नि धगधग. मला काही वाईट वाटलं नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. त्या धगीत मी सगळा जन्म काढला. सासूबाईंनी पहिल्याच सकाळी सांगितलं, मळायची आणि लगेच थापायची, ज्वारी कुणासाठी थांबत नाही. महिना-दीड महिना माझ्या भाकऱ्या मोडतच राहिल्या आणि हे रोज विनातक्रार कुस्करून खात राहिले. यांचं नाव मी अजून घेत नाही. नातवंडं इंदूरला हिंदी शाळेत जातात, म्हणतात, "दादी, लिख दो ना नाम, क्या होता है!" त्यांना हे मराठी कळायचं नाही, तरी मी नाव लिहायची नाही.

मग एके दिवशी माझी भाकरी तव्यावरून निखाऱ्याशी उभी केली आणि ती टम्म फुगली. अखंड, गोल, एकही तडा नाही. सासूबाईंनी नुसतं "हं" केलं, त्यांच्याकडून ते पुष्कळ होतं. मी ती मोठ्या तोऱ्यात यांच्या पानात वाढली आणि उभी राहिले. यांनी ती उचलली, उजेडाकडे धरली, उलटीसुलटी करून पाहिली, परत पानात ठेवली आणि दुधाची वाटी बाजूला सारून अगदी हिरमुसलेल्या आवाजात म्हणाले, "अगं, पण आता ही मोडायची कुणी?"

मी खाली बसले आणि मोडून दिली.